पाणी लागलेला बोअर बुजवत नाहीत

आप्पा,

तुमच्या मातीला किती बोअरवाले आले होते, पाहायला हवं होतंत. धायरीच्या रस्त्याला कडेनं रिगच्या चार गाड्या उभ्या होत्या. जाणारा-येणारा एकजण विचारत होता, "एवढे बोअर कुणाच्या रानात चाललेत?" तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "माझ्याच. उतर खाली, दाखवतो."

आज पाचवा दिवस. हे लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा आपल्या शिकवायच्या शेडमधल्या पंपाचा व्हॉल्व्ह उगाच बंद करून उघडला. एकदा भिंतीवरचा तक्ता पुसला, तो पुसलेलाच होता. लोक म्हणतात रडून घे. रडू येत नाही मला, चालायला येतंय. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकवीस पावलं होतात, हे इतकी वर्षं इथं शिकवून मला आत्ता कळलं.

सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. त्याच दिवशी सकाळी तुमची शोकसभा ठेवलीय, इथंच. जुन्या बॅचची माणसंही येणार आहेत. 'चार शब्द' मी बोलायचे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. माझ्याकडे चार शब्द नाहीत, आप्पा. एक वाक्य आहे, आणि तेही माझं नाही. तीन वर्षांपूर्वी ते मला तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं. पोचवलं नाही. ते कुठून सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मला सांगू दे. सोमवारी तोंड उघडायच्या आधी एकदा कागदावर सरळ उभं राहायचंय.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मेकॅनिकलची डिग्री हातात पडून वर्षही झालं नव्हतं. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री. तेव्हा मी ते दर तिसऱ्या वाक्याला सांगायची. अजूनही सांगते, लाज कसली त्यात? शहराच्या कडेला जिथं परवापर्यंत ऊस होता तिथं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. बाहेर लोडशेडिंग, आत दिवसभर एसी, आणि मागच्या बाजूला धूर ओकणारे जनरेटर. त्यातल्या एका कंपनीला कमी विजेत गारवा हवा होता. आमच्या साहेबांनी बाहेरदेशातून जमिनीच्या गारव्यावर चालणारा हीट पंप आणला, त्याच्याबरोबर जाडजूड पुस्तक आलं. पण काळ्या पाषाणात तीनशे फूट भोक पाडणारा माणूस काही त्या पुस्तकातून येणार नव्हता. तो धायरीत होता, रिगच्या सावलीत, विडी न पेटवता नुसती तोंडात धरून.

वर न बघता तुम्ही विचारलंत, "कुठल्या तुम्ही?"

हा प्रश्न गावाचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत. म्हटलं, "मार्केट यार्डाच्या वस्तीतली. जयभीमवाले आम्ही. पुढं?"

"पुढं दगड लागंल," तुम्ही म्हणालात. "सत्तर फुटावर. मागं सरका, चिखल उडतोय."

त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडायला मोकळी झाले.

तुम्हाला सगळं समजावून सांगायला मी आकृत्या काढून आणल्या होत्या. जमीन खोलवर बारा महिने एकाच तापमानाला असते, भोकात नळी खालपर्यंत नेऊन परत वर आणायची, नळीतून पाणी फिरत राहतं, इमारतीतली उष्णता दगडात सोडून गार होऊन परत येतं, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे इहिरीत दुधाचं भांडं सोडायचो तेच की. नासू नये म्हणून. फकस्त भांड्याच्या जागी आख्खं हापिस." पुढं दहा वर्षं मी पहिल्या तासाला तेच वाक्य वापरलं. तुमचं नाव घेऊन, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहा.

पुस्तकात पहिली तीन प्रकरणं बर्फावर होती. जमीन किती फुटांपर्यंत गोठते, घर कसं गरम करायचं. मी ती वाचून दाखवत होते आणि तुम्ही घाम पुसत म्हणालात, "बर्फ हितं रसवंतीत असतोय. ते सोड, फुडं वाच." आणि तो बुधवार पेठेतला दुकानदार! तीनशे फूट वायर असलेला थर्मामीटर मागितला आपण, तर चष्म्यावरून बघत म्हणाला, "ताप कुणाला आलाय, शेषाला?" मी चिडले. तुम्ही अप्पा बळवंत चौकापर्यंत हसत आलात आणि नंतर सहा महिने मीटर खाली सोडताना म्हणत होता, "बगा, शेषाचा ताप उतरला का."

त्या पहिल्या कामात पाइप जोडणारी माणसं मिळेनात, म्हणून साहेबांनी हे शेड भाड्यानं घेतलं आणि आपल्याला सांगितलं, माणसं तयार करा. एसीचे मेकॅनिक, प्लंबर, वेल्डर, एका बॅचला चौदा जण. तक्त्यावरचं मी शिकवायचं, हातातलं तुम्ही. पाइपची दोन टोकं गरम प्लेटवर मऊ करून एकमेकांना चिकटवायची; त्या प्लेटला तुम्ही तवा म्हणायचात. जोडावर बाहेरून जी कड उमटते ती पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिली होती. तुम्ही सांगायचात, "करंजीच्या मुरडीवानी पायजे. दोन्ही अंगांनी सारकी. मुरड फुटली की सारण भायेर." बाप्यांना करंजी काय कळणार, असं मला वाटलं होतं. सगळ्यांना कळलं.

आणि तुमची ती परीक्षा. डोळे मिटायला लावायचे, एका हातात जाणारा पाइप, दुसऱ्या हातात येणारा. "कुठला गार? कितीनं?" चुकलं की मीटर दाखवायचा नाही, परत धरायला लावायचं. "आदी हाताला इचार. मग मीटरला साक्षीला बोलव." मला तुम्ही 'ए इंजिनेर' म्हणायला लागलात ते याच परीक्षेनंतर. मी अर्ध्या अंशानं चुकले होते. तुम्ही म्हणालात, "ए इंजिनेर, हात बरा हाय तुजा." डिग्रीच्या दिवशी इतकी फुशारले नव्हते मी.

आता सात नंबर.

दुसरी बॅच आपण त्या कंपनीच्या चालू साइटवरच शिकवत होतो. बारा बोअर घ्यायचे, प्रत्येकात नळी सोडायची, आणि मग नळीभोवतीची उरलेली जागा खालून वर भरत आणायची. भरायचं ते पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या गाऱ्यानं, म्हणजे नळी दगडाला नीट चिकटते आणि वरची घाण खालच्या पाण्यात उतरत नाही. सात नंबरला दीडशे फुटांवर पाणी लागलं. असं लागलं की रिगवरची माणसं भिजली आणि ओरडली. ज्यांना पाणी नको होतं अशा कामात पाणी लागलं, तरी नारळ फुटला! सगळ्यांना खोबरं वाटलंत. मलाही दिलंत.

दोन दिवसांनी मी मातीच्या गोण्या मोजल्या. एका बोअरला पुरतील इतक्या जास्त उरल्या होत्या. माझ्या तपासणीच्या कागदावर बाराही बोअरपुढं बरोबरच्या खुणा होत्या, तुमच्या हाताच्या. मी सात नंबरचं झाकण उघडलं. आत गारा नव्हता. आत आभाळ दिसत होतं.

चौदा जण भोवती होते. मी विचारलं, "आप्पा, हा भरला का नाही?"

"त्यात पाणी हाय."

"ते दिसतंय मला. भरला का नाही?"

"पाणी लागलेला बोअर बुजवत न्हाईत," तुम्ही म्हणालात. इतक्या साधेपणानं, जणू सूर्य उगवतो असं सांगावं. "चाळीस वरसात बुजवला न्हाई. आन् तुज्या मातीपरास पाणी बरं. गर्मी न्हेतंय, आनतंय. तुजंच काम करतंय."

मी म्हटलं, "आणि चैत्रात? पाणी खाली गेलं की वरची नळी हवेत लोंबणार. नेमका तेव्हाच इमारतीला गारवा लागणार. तेव्हा काय करायचं?"

तुम्ही क्षणभर विचार केलात. खरंच केलात, मी पाहिलं. "मंग वरचं बुजव," तुम्ही म्हणालात. "खालचं कशाला मारतीस?"

दुसऱ्या दिवशी तपासायला सल्लागार येणार होते. माझं स्वतःच्या जोखमीवरचं पहिलं काम होतं ते. चौदा माणसं बघत होती की बाई आता काय बोलते. पुस्तकात 'संपूर्ण भरा' असं लिहिलं होतं आणि पुस्तकाखेरीज माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही अडाणी आहात. अडाणी माणसानं निदान शिकवायला उभं राहू नये."

हा शब्द मी कुठून उचलला ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी तिसरीत असताना बाबा मला घेऊन एका कचेरीत गेले होते, दाखल्यासाठी. मार्केट यार्डात पाठीवर क्विंटलनं माल वाहणारा माणूस त्या टेबलापुढं अंग चोरून उभा होता. कारकून दुसऱ्याला म्हणाला, "अडाणी आहे, अंगठा घे." घरी येईपर्यंत बाबा रस्त्यातल्या प्रत्येक भिंतीला अंगठा घासत आले. मी शिकले ती त्या शाईसाठी. आणि शिकून काय केलं, तर तोच शब्द तुमच्या अंगावर फेकला. त्याच आवाजात. कारकुनाचा आवाज माझ्या घशात इतकी वर्षं बसून होता, मला पत्ताही नव्हता.

तुम्ही सात नंबरचं झाकण परत बसवलंत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं त्या इंग्रजी कागदावर रकाना ओळखून खुणा केल्या होत्या, हेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा तुम्ही सात नंबर भरत होता. एकटे. गाऱ्याची नळी तळापर्यंत सोडलेली, पंप चालू. खालून गारा जसजसा चढत होता तसतसं वरून पाणी बाहेर पडत होतं. नितळ. ते तोवर जमलेल्या आमच्या सगळ्यांच्या पायांखालून वाहत गेलं. तुम्ही चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि त्या पाण्यात उभे होता. मग ते गढूळ झालं, मग नुसता गारा आला. तुम्ही पंप बंद केलात, हात धुतलेत आणि मला म्हणालात, "मॅडम, झालं."

मॅडम.

त्यानंतर आपण किती बॅचा शिकवल्या. दुधाच्या भांड्यावर तसेच हसलो, डब्यातली चटणी वाटून खाल्ली, माझ्या लग्नात तुम्ही बुद्धवंदनेला हात जोडून शेवटपर्यंत उभे राहिलात. सगळं पहिल्यासारखं होतं, फक्त मी पुन्हा 'ए इंजिनेर' झाले नाही. माफी मागायची तर सोपं होतं. चहा पिताना म्हणायचं, आप्पा, चुकले. पण चारचौघांत बोललेलं कोपऱ्यात परत घेता येत नाही, चारचौघांतच घ्यावं लागतं. आणि चारचौघांत मी बाई होते, बॉस होते, पहिली पदवीधर होते. खाली यायला मला पायरी सापडली नाही असं मी स्वतःला सांगत आले. पायरी होती. तीन वर्षांपूर्वी समोर येऊन उभी राहिली होती.

तो परदेशी पाहुणा आला होता ना, उंच, उन्हानं लाल झालेला. त्याचा देश सगळा कठीण खडकाचा, आणि जन्मभर त्यानं असलेच बोअर घेतलेले. शेडमध्ये दोन तास बोलला, मी मराठीत सांगत गेले. तुम्ही पहिल्या रांगेत होता. शेवटी तुम्ही हात वर केलात. इतक्या वर्षांत तुम्ही वर्गात हात वर केलेला मी पाहिला नव्हता.

"इचारा त्यास्नी," तुम्ही मला म्हणालात, "पाणी लागलं तर तिकडं काय करत्यात?"

मी विचारलं. तो खूश झाला. एका हाताची मूठ पोकळ करून त्यानं नळी केली, दुसऱ्या हाताचा तळवा वर झाकणासारखा ठेवला, आणि एक वाक्य बोलला. सोपं इंग्रजी होतं. मला लख्ख कळलं.

वर्गात त्या चौदांतले तिघे बसले होते. आता मदतनीस म्हणून शिकवायला यायचे. तेही माझ्याकडे बघत होते. तुम्हीही.

मी म्हणाले, "जागेवर अवलंबून असतं म्हणतायत."

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि हात खाली घेतलात.

मला भीती नव्हती कसली. नोकरी जाणार नव्हती, काम कधीच पास झालं होतं. मला हरायचं नव्हतं, एवढंच. त्या शेडमध्ये दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते आणि मी त्या एकटेपणाचा दाराला कडी घालावी तसा वापर केला. अडाणी म्हटलं ती एक चूक रागातली म्हणा. हे मी शांत डोक्यानं केलं. इंग्रजी शिकताना घरात दिवा गेला की रस्त्यावरच्या खांबाखाली बसून पाठ केलं, ते याच्यासाठी?

हे तीन वर्षं मला टोचत होतं, आणि टोचताना एक आधारही होता: तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. माझं खोटं माझ्यापाशीच होतं.

परवा तुमच्या घरी काकूंना भेटायला गेले. घरात गर्दी होती, त्यांनी मला मागच्या ओट्यावर नेलं. तुमच्या आठवणी काढत होत्या, रडत होत्या, मधेच हसत होत्या. म्हणाल्या, "तो गोरा आल्ता ना तुमच्यात? त्या दिशी घरी आले आन् जेवताना हातानं असं करत बसले." आणि काकूंनी एका हाताची मूठ पोकळ केली आणि दुसऱ्या हाताचा तळवा वर ठेवला.

तीच नळी, तेच झाकण.

"म्या म्हणलं, अवो, चिलीम वढताय का काय? तर हसले. म्हणले, न्हाई गं. इंजिनेरनं आज एक गोष्ट सांगायची ठेवली. सांगंल कवातरी."

"इंजिनेर म्हणाले?" मी विचारलं.

"मग काय म्हणायचे? घरात तुला तेच नाव हाय. कंदी दुसरं ऐकलं न्हाई म्या."

आप्पा, तुम्ही असे कसे? तीन वर्षं! रोज समोर होता. एकदा तरी म्हणायचंत, बाई, त्या दिवशी काय म्हणाला तो गोरा? मला पकडायचंत. तुम्ही मला पकडलं नाहीत, वाट बघितलीत. बोअरवाल्याची सवय. खडा टाकायचा आणि कान लावून बसायचं, खालून आवाज येईपर्यंत. मी इतकी खोल असेन असं तुम्हाला वाटलं होतं का? खडा तळाला लागायला तीन वर्षं लागत नाहीत. तो मधेच कुठंतरी कपारीत अडकला होता.

आणि मला तुमच्यावर रागही आहे, तो लिहून टाकते, नाहीतर हे सगळं खोटं होईल. "वरचं बुजव" म्हणालात, ते बरोबर होतं. पण वरचं म्हणजे किती? आपल्याकडे एका वर्षी पाणी पन्नास फुटांवर असतं, दुसऱ्या वर्षी दीडशेवरही नसतं. शेजारी चार सोसायट्या झाल्या, त्यांनी आपापले बोअर मारले, की तुमचं पाणी गेलं. त्या गोऱ्याच्या देशात असं होत नसेल. पुस्तक तिकडच्या मातीचं म्हणून तुम्ही हसलात, तर त्याचं वाक्यही तिकडच्याच दगडाचं आहे. याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. मी विचारलंच नाही, कारण विचारायचं तर आधी ते वाक्य सांगावं लागलं असतं. म्हणजे एका वाक्यावर बसून मी आपलं पुढचं सगळं भांडण बंद पाडलं. किती चांगलं भांडण झालं असतं ते. तीन उन्हाळ्यांचं पाणी मोजून झालं असतं.

म्हणून सोमवारी असं करणार आहे. शोकसभेला तुमचा फोटो असेल, हार असेल, ते सगळं होऊ दे. दुसऱ्या बॅचच्या चौदाही जणांना फोन करून झालेत. बाराजण येतायत, एकजण दुबईत आहे, एकानं फोन उचलला नाही, पुन्हा करते. ते समोर बसले की मी सांगणार, की सात नंबरपाशी मी आप्पांना जे बोलले ते तुम्ही ऐकलंय, आता हे ऐका. मग नव्या बॅचला शेडमागच्या सरावाच्या बोअरपाशी नेणार. त्यातही पाणी आहे. तो मी अजून भरलेला नाही. भरणारही नाही. दर महिन्याला फीत सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, दोन पाइप दोन हातांत धरायचे, आणि वरचं किती बुजवायचं ते ठरवायचं. तपासणीच्या कागदावर 'भरला' हा एकच रकाना होता, मी बनवलेला. आता त्याच्याशेजारी आणखी एक असेल: 'पाणी लागलं म्हणून ठेवला.' आणि कागद मराठीत असेल.

आणि या सगळ्याच्या आधी, सगळ्यांत आधी, ते वाक्य. तुम्ही विचारलं होतंत, पाणी लागलं तर तिकडं काय करतात. पाहुणा जे म्हणाला त्याचं भाषांतर करते, शब्दाला शब्द, उशिरा:

"पाणी लागलं तर आम्ही बोअर बुजवत नाही, वरचा भाग तेवढा बंद करतो; खालचं पाणी आमचंच काम करत असतं."

आप्पा, झालं.